सड्यावरचा सरडा, कासची फुलं, कृष्णेची मगर: भटकंतीतले फोटो कसे काढावेत

वाघाचा फोटो काढायचा म्हणून कोयना-चांदोलीच्या जंगलात शिरलेला माणूस बहुतेक वेळा रानगव्याच्या शेणाचा फोटो घेऊन परततो. २०१० साली ही दोन्ही जंगलं मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पण इथलं रान दाट आणि चढ-उताराचं आहे, आणि जनावर आपल्याला आपण त्याला बघण्याच्या कितीतरी आधी बघतं. त्यामुळे सातारा-सांगलीत फिरताना फोटोसाठी असं काहीतरी निवडावं जे उघड्यावर असतं, ठरावीक काळात हमखास भेटतं आणि जमिनीलगत असतं. त्यासाठी महागड्या लेन्सपेक्षा खरचटलेली कोपरं जास्त कामाला येतात.

आधी महिना, मग जागा, लेन्स शेवटी

एप्रिल-मे: चाळकेवाडीचा सडा (म्हणजे उघड्या कातळाचं पठार), पंख्यासारखा गळा फुगवणारा सरडा. जून-जुलै: बेडूक, पतंग, धुकं. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत: कास. डिसेंबर ते फेब्रुवारी: खटाव तालुक्यात मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवरचे पक्षी, भिलवडी-औदुंबरच्या काठावर ऊन खात पडलेल्या मगरी. अगदीच नवखे असाल तर सागरेश्वरला जा. सांगली जिल्ह्यातलं हे अभयारण्य जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं आहे. चितळ-सांबर बऱ्यापैकी दिसतात आणि हात बसवायला वाव मिळतो.

परवानगीचं काम घरूनच उरकून निघा. कासला हंगामात आधी नोंदणी करावी लागते. शक्यतो मंगळवार-बुधवार गाठा, कारण रविवारी फुलांपेक्षा छत्र्याच जास्त दिसतात. वासोट्याला बामणोलीहून लाँचने जायचं तर वनखात्याची परवानगी हवी. किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही, उजेड असेपर्यंत परतावं लागतं. तंबू टाकायचाच असेल तर तापोळा-बामणोलीकडे शिवसागराच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) काठी खासगी जागेत, मालकाला विचारून टाका. ड्रोन घरीच ठेवा.

पाठपिशवीत काय

एक बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), एक दूरचा पल्ला गाठणारी लेन्स (३०० मिमीपर्यंतची झूम पुरते), एक मॅक्रो किंवा जवळून फोकस होणारी लेन्स. जादा बॅटऱ्या दोन, कारण सड्यावर प्लग नसतो. ट्रायपॉड फक्त रात्रीच्या आकाशासाठी. बाकी सगळीकडे बीनबॅग त्याहून सोयीची. जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्ही टोकं शिवा आणि आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत दीड किलो शाळू भरा. लेन्स त्यात रुतून बसते आणि हलत नाही. प्लास्टिक विसरलात तर पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी शाळूला मोड येतील, वासावरून कळेलच.

अंगाखाली टाकायला माणदेशी घोंगडं उत्तम. खडा टोचत नाही, रंगही दगडात मिसळून जातो. आणि एक काठी. ती कशासाठी, ते पुढे.

चाळकेवाडीचा सरडा: पायरी-पायरीने

साताऱ्याहून सज्जनगड-ठोसेघरच्या रस्त्याने वर गेलं की पवनचक्क्यांचा सडा लागतो. इथला सरडा २०१६ साली 'सरडा सुपर्बा' या नावाने नवी जात म्हणून नोंदला गेला. वंशाचं नावच आपल्या बोलीतल्या शब्दावरून घेतलंय. शेपूट सोडली तर प्राणी बोटभर. विणीच्या काळात नर छोट्या दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो: निळा, काळा, शेंदरी.

१. सकाळी साडेसात-आठला सड्यावर पोचा. दगड तापायला लागला की सरडे ऊन घ्यायला वर येतात आणि फार तापला की गवतात शिरतात. साधारण अकरापर्यंत खेळ संपतो.

२. जागा निवडताना पवनचक्क्यांचा परिसर सोडू नका. याच पठारावर झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी कमी आहेत, म्हणून सरडे जास्त आहेत आणि माणसाला जास्त जवळ येऊ देतात. फोटो काढणाऱ्याला याचा सरळ फायदा आहे. चक्कीची सावली मात्र फ्रेममधून फिरत असते, तिच्याकडे लक्ष ठेवा.

३. आडवं होण्याआधी काठीने गवत आणि दगडांच्या कडा हलवून बघा. असल्या कातळावर फुरसं असू शकतं आणि ते दगडाच्या रंगाचंच असतं. दगड उचलून मात्र बघू नका. खाली विंचू असतो, गोम असते, कुणाची तरी अंडी असतात, आणि उलटा ठेवलेला दगड पुन्हा तसा बसत नाही.

४. पंधरा-वीस फुटांवरून सरपटायला सुरुवात करा. सरळ त्याच्या दिशेने नको, तिरकं जा. त्याने मान वळवून एका डोळ्याने तुमच्याकडे रोखून बघितलं की थांबा. मान परत फिरली की पुढे. साधारण तीन मीटरवर थांबलात तर क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या बॉडीवर ३०० मिमीला सरडा फ्रेमच्या एक तृतीयांश भागात बसतो. तेवढा पुरे.

५. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे जवळजवळ जमिनीवर. उभ्याने काढलेल्या फोटोत मागे दगडच येतो आणि सरडा त्यात हरवतो. आडवं झालं की मागे दूरचं धूसर गवत येतं आणि तो दगडासकट सुटा उठून दिसतो.

६. शटर १/१००० सेकंद, अपर्चर (लेन्सचं भोक) एफ ७.१, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो, फोकस एकाच बिंदूवर आणि तो बिंदू डोळ्यावर. सगळे बिंदू चालू ठेवलेत तर कॅमेरा पुढची गवताची काडी पकडतो.

७. आता वाट बघा. पंखा उघडण्याआधी तो मान वर-खाली करतो, पुढचे पाय ताणतो. मान हलली की बटण दाबून धरा. पंखा उघडून मिटायला एक सेकंदही लागत नाही. उघडलेला दिसला म्हणून बटण दाबलं तर फोटोत मिटलेलाच येणार.

८. पंखा चपटा असतो, त्यामुळे सरडा तुम्हाला आडवा असतानाच रंग दिसतात. ऊन त्याच्या मागून असेल तर पातळ कातडीतून उजेड आरपार येतो आणि निळा पेटल्यासारखा दिसतो. अशा वेळी एक्स्पोजर +०.७ करा (अधिक म्हणजे फोटो उजळ, उणे म्हणजे गडद), नाहीतर अंगाचा काळा ठिपका होईल.

दहानंतर काढलेले फोटो मऊ, ओशट येतात आणि लोक लेन्सला शिव्या देतात. दोष लेन्सचा नसतो. तापलेल्या कातळावरून उठणारी हवा थरथरते आणि तुम्ही तिच्यातून बघत असता. ६०० मिमीने लांबून काढाल तेवढी थरथर जास्त, म्हणून लांब लेन्सपेक्षा जवळ सरपटणं बरं. अन् बसलेल्या सरड्याला खडा मारून हलवू नका. विणीचे मोजके आठवडे असतात, त्यातली सकाळ वाया गेली तर त्याची गेली, आपली नाही.

कास: वाट न सोडता जमिनीवर कसं जायचं

इथे वरचा आडवं होण्याचा सल्ला लागू नाही. कातळावर बोटभर मातीत फुलं उगवतात, तिच्यावर एक माणूस लोळला तर त्या वर्षाचं बी गेलं. चालायच्या वाटेवर उकिडवं बसा, स्क्रीन वर वळवा आणि कॅमेरा वाटेच्या कडेला टेकवा. शंभर मिमीची मॅक्रो त्यासाठीच बरी, फुलाला भिडावं लागत नाही.

सोनकी-तेरड्याचा पिवळा-जांभळा गालिचा मोबाईलवरही छान येतो, त्यावर वेळ घालवू नका. खरी गंमत खाली आहे: सीतेची आसवं, गेंद, आणि गवती दवबिंदू. दवबिंदूच्या पानावर चमकतात ते थेंब दवाचे नसतात, कीटक पकडायचा चिकट द्राव असतो. म्हणून ऊन चढलं तरी ते वाळत नाहीत, घाई नाही. ऊन समोरून, म्हणजे रोपाच्या पलीकडून येईल असं बसा. प्रत्येक थेंबात एक ठिणगी दिसते. चिकटलेली माशी असेल तर फोकस तिच्या डोळ्यावर.

इथे नवशिक्यांचा घोळ होतो तो खोलीचा, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो त्याचा. मॅक्रो लेन्सने एकास एक, म्हणजे वस्तू सेन्सरवर आहे त्याच आकाराची उमटेल असा फोटो काढताना एफ ८ ला फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर जेमतेम एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. एफ ११ ला साधारण सव्वा. त्यापुढे एफ १६-२२ ला गेलात तर खोली वाढते, पण सगळाच फोटो किंचित बोथट होतो. उपाय दोन. एक, थोडं मागे सरका: अर्ध्या आकारावर एफ ८ ला तीन मिलिमीटरच्या आसपास मिळतात, नंतर कापून घ्या. दोन, कॅमेऱ्याची पाठ पानाला समांतर धरा, म्हणजे आहे तेवढी खोली पानभर पुरते.

कासला वारा थांबत नाही. शटर १/२५० च्या खाली नेऊ नका आणि छत्री वाऱ्याच्या बाजूला आडवी धरा. धुक्यात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, पांढऱ्याचा राखाडी करतो. +०.७ ते +१ ठेवा.

आणखी एक: कंदीलपुष्प किंवा एखादं ऑर्किड सापडलं तर फोनचं लोकेशन बंद करून फोटो काढा. टाकलेल्या फोटोवरून जागा शोधून कंद उकरणारे लोक आहेत.

तलाव आणि नदी

मायणीला सूर्य पाठीशी ठेवून बसायचं, म्हणजे सकाळी तलावाच्या पूर्वेच्या काठाला. उडत्या पक्ष्याला १/२०००. पांढऱ्या बगळ्याला −०.७, नाहीतर पिसांचा चुना होतो. आकाशासमोरच्या काळ्या पक्ष्याला +१. थव्यामागे पळू नका. बसलात त्याच जागी अर्धा तास राहिलात तर पक्षी चरत चरत आपोआप जवळ येतात.

कृष्णाकाठी मात्र खाली वाकायचा, पाण्यालगत जायचा मोह टाळा. थंडीत मगरी दहा ते तीनच्या दरम्यान काठावर पडलेल्या असतात. जी दिसते तिची भीती नाही, जी पाण्यात आहे तिची आहे. उंच काठावरून किंवा पलीकडच्या तीरावरून, गावातल्या माणसाला विचारून जागा धरा आणि ४०० मिमीच्या आसपासची लेन्स वापरा. तोंड उघडं ठेवून पडलेली मगर रागावलेली नसते, अंगातली उष्णता कमी करत असते. तोच फोटो घ्या.

मुक्कामाची रात्र

मेमध्ये अमावस्येच्या आसपास मध्यरात्रीनंतर आकाशगंगेचा दाट भाग दक्षिणेला वर आलेला असतो. सर्वांत रुंद लेन्स, तिचं सर्वांत मोठं अपर्चर, आयएसओ ३२००. शटर किती सेकंद, त्याचा हिशेब: ५०० भागिले लेन्सचे मिमी. क्रॉप बॉडी असेल तर मिमीला आधी १.५ ने गुणा. १६ मिमीला वीसेक सेकंद येतात, त्यापुढे तारे लांबट होतात. फोकस ऑटोवर होणार नाही. स्क्रीनवर एखादा तेजस्वी तारा मोठा करून हाताने रिंग फिरवा, तो सर्वांत बारीक झाला की थांबा.

पावसाळ्यात पांढरं धोतर दोरीवर ताणून त्यामागे दिवा लावला की पतंग येतात. दोन तासांनी दिवा विझवा, नाहीतर पहाटे पक्ष्यांना आयती मेजवानी मिळते. बेडकाला हात लावू नका. हाताला डासांचं मलम असतं, ते त्याच्या कातडीतून आत जातं. फ्लॅश १/१६ शक्तीवर, पुढे बटर पेपर.

परत आल्यावर

थंड एसी गाडीतून दमट हवेत कॅमेरा एकदम काढला तर काच धुकटते. बंद पिशवीतच वीस मिनिटं बाहेर ठेवा, मग उघडा. घरी आल्यावर ओली पिशवी आणि कॅमेरा वेगळे करा. पट्टाही सोडवून वाळवा, सर्वांत जास्त पाणी तोच धरतो. लेन्समध्ये बुरशी धरते ती याच आठवड्यात. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल आणि दोनेकशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० मध्ये हवा. तांदळात पुरायच्या भानगडीत पडू नका, पिठूळ धूळ रिंगेत जाते. नारिंगी दाणे हिरवे पडले की जुन्या ट्रेमध्ये पसरून १२० अंशांना दोन तास तापवा, गार झाले की पुन्हा डब्यात. तो ट्रे परत स्वयंपाकाला वापरू नका.