चांदीचं ड्रेसिंग घरी बदलताना

महिना झाला तरी जखम भरत नाही, चिकट पाणी सुटतं, वास येतो, नुसता कापूस लागला तरी रक्त येतं. अशा जखमेला डॉक्टर बरेचदा चांदीचं ड्रेसिंग लिहून देतात. ओलावा लागला की त्यातून चांदीचे आयन (विद्युतभारित सूक्ष्म कण) सुटतात आणि जंतूंना मारतात. चांदीचं काम एवढंच. पायात रक्त पोचत नसेल, साखर वाढलेली असेल किंवा जखमेवर रोज भार पडत असेल, तर चांदी लावूनही जखम तिथेच राहते. त्यामुळे पायाची नाडी आणि साखर आधी तपासून घ्या. मधुमेही पायाची जखम निव्वळ लवकर भरावी म्हणून चांदी वापरू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तिथे निर्णय डॉक्टरांवरच सोडा.

औषधाच्या दुकानात नुसतं ‘सिल्व्हर’ मागू नका, चिठ्ठीतला प्रकार दाखवा. जखम फार पाझरत असेल तर अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून बनलेलं), हायड्रोफायबर (पाणी शोषून जेलसारखं होणारं) किंवा स्पंजसारखा फोम. कोरड्या जखमेवर अल्जिनेट चिकटून बसतं. भाजल्यावर लावतात ती सिल्व्हर सल्फाडायझिनची पांढरी क्रीम वेगळी. ती ड्रेसिंगच्या जागी थापू नका.

आता प्रत्यक्ष बदलणं. कूलर किंवा पंख्याचा झोत जखमेवरून दुसरीकडे वळवा, धूळ त्यातूनच येते. साबणाने हात ४० ते ६० सेकंद धुवा. जुनं ड्रेसिंग चिकटलं असेल तर ओढू नका, सलाईनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) भिजवून पाचेक मिनिटं थांबा. ओढलं तर नवं तांबूस मांस सोबत येतं. मग सलाईनने जखम धुवा. सलाईन फ्रीजमधलं थंडगार नको, गार पडलेल्या जखमेचं भरणं मंदावतं. भोवतालची कातडी टिपून कोरडी करा. काळं-पिवळं मेलेलं कातडं घरी कापू नका, पण ते काढून घेतल्याशिवाय चांदी खालपर्यंत पोचत नाही, म्हणून दवाखान्यात ते आवर्जून काढून घ्या.

पुढची चूक फार घरांत होते. नॅनोक्रिस्टलाइन प्रकारचं, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असलेलं ड्रेसिंग आधी ओलं करावं लागतं, ते निर्जंतुक पाण्यानेच. सलाईनमधल्या क्लोराइडशी चांदी बांधली जाते, मोकळे आयन कमी होतात आणि महागडं ड्रेसिंग साध्या पट्टीसारखं होतं. पेट्रोलियम जेली किंवा तेलकट मलम खाली लावलं तरी चांदीचा जखमेशी नीट संबंध येत नाही.

हायड्रोफायबर जखमेच्या कडेबाहेर किमान १ सेंटीमीटर येईल एवढं कापा. खोल खड्डा असेल तर साधारण ८० टक्केच भरा, पाणी शोषून ते फुगतं. गच्च कोंबलं तर आतून दाब येतो. थोडं टोक बाहेर ठेवा, म्हणजे काढताना आत तुकडा राहत नाही. वर शोषक पॅड आणि बँडेज. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना घामाने चिकटपट्टी सुटते, त्यामुळे बँडेजचे वेढे द्या, पण बोटं निळसर पडतील इतके घट्ट नको.

किती दिवसांनी बदलायचं हे पाकिटावर लिहिलेलं असतं. काही प्रकार ७ दिवसांपर्यंत चालतात. वरचं पॅड भिजलं की लगेच बदला, दिवस मोजत बसू नका. कातडी राखाडी दिसली तर घाबरू नका, तो चांदीचा डाग आहे. एमआरआय असेल तर तिथल्या तंत्रज्ञाला आधीच सांगा.

दर आठवड्याला लांबी-रुंदी मोजून लिहा आणि त्याच अंतरावरून, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. २ आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवा: संसर्ग गेला असेल तर चांदी थांबवून साधं ड्रेसिंग सुरू होतं, आणि काहीच फरक नसेल तर उपचारच बदलावा लागतो. भोवतालची लाली २ सेंटीमीटरपेक्षा पुढे सरकली, ताप आला, भाग काळा पडला किंवा आत हाड दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि पायाला बधिरपणा असेल, तर मेच्या दुपारी गच्चीवर किंवा मंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नका; चटका कळत नाही, फोड मात्र येतो.