काचेच्या आत डेटा लिहिताना माझे तीन महिने कुठे गेले

पुण्यात पीएचडीला लागलो तेव्हा फेम्टोसेकंद लेसरने (अतिशय छोट्या स्पंदांचा लेसर) काचेत थरावर थर ठिपके लिहायचे, एवढंच काम होतं. प्रकाशाची तीव्रता अर्धी झाली की दोन फोटॉनचं (प्रकाशाच्या कणांचं) एकदम होणारं शोषण पाव होतं, काचेत तर त्याहून जास्त फोटॉन एकदम लागतात, म्हणून खूण फक्त फोकसपाशी उमटते. १९८९ साली पार्थेनोपोलस आणि रेन्ट्झेपिस यांनी दोन फोटॉनवर चालणारी त्रिमितीय मेमरी दाखवली, तीही याच आधारावर. या कामाला नव्याने लागत असाल तर हे तुम्ही वाचलेलं असेलच.

मी फसलो ते ठिपका काचेत किती खोल पडतो, या हिशोबात. हवेतून येणारा किरण काचेत शिरताना वाकतो. सिलिका काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) सुमारे १.४५, म्हणून काच ठेवलेली स्टेज १०० मायक्रॉन सरकवली की फोकस निदान १४५ मायक्रॉन आत जातो. कडेचे किरण त्याहूनही खोल मिळतात आणि ठिपक्याची उभी काडी होते. हेच स्फेरिकल अ‍ॅबरेशन. खालचे थर फिके आले की मी पॉवर वाढवायचो. मग शेजारच्या थरात डाग, कधी तडा. वाचन मात्र त्याच ऑब्जेक्टिव्हने, म्हणजे किरण फोकस करणाऱ्या भिंगाने, करत होतो. लिहिताना झालेली खोलीची चूक वाचतानाही तशीच व्हायची, त्यामुळे आकडे चोख जुळायचे. तीन महिने मी त्या जुळण्यावर विसंबलो.

शेवटी वर्कशॉपमधल्या काकांनी काचेची कड पॉलिश करायला शिकवलं. बाजूने पाहिलं, ठिपक्यांच्या जागी उभ्या काड्या दिसल्या आणि पोटात गोळा आला. सेटिंगचा तयार तक्ता हातात देणाऱ्या सीनियरपेक्षा असा माणूस शोधा, हे माझं ठाम मत आहे. फोटो सॉफ्टवेअरने उजळून घेण्याच्या नादी तर अजिबात लागू नका, त्यात काडी झाकली जाते.

करेक्शन कॉलरचं (हे अ‍ॅबरेशन सुधारणारी फिरती कडी असलेलं) ऑब्जेक्टिव्ह मिळालं तर प्रत्येक खोलीला कॉलर नव्याने लावा. कंटाळवाणं आहे, पण जमतं. मला जमायला दोन आठवडे लागले, तुम्हाला कदाचित कमी लागतील. सुरुवातीला सगळ्यांचेच थर एकमेकांत मिसळतात, घाबरू नका.

गॉगलच्या बाबतीत मात्र कसलीही सूट नाही. लेसरचा ८०० नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जेमतेम दिसतो. अंगठी, घड्याळ दाराशीच काढून ठेवा. आणि जूनपासून ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, पुण्याच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते.