सांधा बदलायचाय? ‘फेरिटिन नॉर्मल’वर थांबू नका

गुडघा बदलायची तारीख ठरली आणि रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन ९.६. आमवात होऊन चौदा वर्षं झालेली, त्यामुळे ‘आपलं एवढंच असायचं’ असं मीच धरून चालले होते. तसं धरू नका. या ऑपरेशनमध्ये हिमोग्लोबिन सहज दोन-तीन ग्रॅमने उतरतं. मुळातच कमी असलं तर रक्त चढवायची वेळ येते. बाईसाठी १२ ची रेघ असली तरी ऑपरेशनआधी बरेच भूलतज्ज्ञ १३ च मागतात. म्हणून सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी तपासणी) तारखेच्या निदान सहा-आठ आठवडे आधी करा.

आता खरी गोम. फेरिटिन म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी. माझं होतं ८६. शेजारी ना बाण, ना ठळक अक्षर. मी खूश! संधिवाताच्या डॉक्टरांनी मात्र खालच्या ओळीवर पेन टेकवलं: सीआरपी, म्हणजे अंगातली सूज (इन्फ्लमेशन) दाखवणारा आकडा, २८. अंगात सूज असली की फेरिटिन आपोआप चढतं, साठा आटलेला असला तरी. एरवी ३० च्या खाली गेलं की लोह कमी म्हणतात. सूज असताना १०० च्या खाली असलं तरी शंका घ्यायची. तेव्हा फेरिटिन एकटं करू नका, सोबत सीआरपी आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) मागून घ्या. सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या आत म्हणजे रक्त बनवायला लोह पुरत नाहीये. माझं ११ निघालं.

तीन महिने लोहाच्या गोळ्या खाऊन माझ्या पदरात फक्त बद्धकोष्ठता पडली होती. कारण सुजेमुळे यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं, आणि ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही, साठ्यातलंही बाहेर सोडत नाही. अशा वेळी शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा. अंगात जंतुसंसर्ग असेल तर आधी सांगा. सलाईनमधलं औषध गडद तपकिरी असतं. सुईपाशी फुगलं किंवा चुरचुरलं तर लाजू नका, लगेच नर्सना हाक मारा. बाहेर झिरपलं तर कातडीवर डाग महिनोन्‌महिने राहतो.

बी-१२, फोलेट आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही बघून घ्या. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर पोटातून नकळत रक्त जात नाही ना, हे तपासायला सांगा.

आमवाताची औषधं मनानेच बंद करू नका. मेथोट्रेक्सेट सहसा चालू ठेवतात, बायोलॉजिक इंजेक्शनांच्या डोसची वेळ मात्र ऑपरेशनशी जुळवावी लागते. संधिवाताचे डॉक्टर आणि सर्जन, दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्सामिक ॲसिड देणार का, तेही विचारा.

शिरेतून लोह घेता यावं म्हणून मी तारीख पाच आठवडे पुढे ढकलली. सर्जन जरा कुरकुरले. पण ऑपरेशनला गेले तेव्हा हिमोग्लोबिन ११.८ होतं. तिसऱ्या दिवशी ते ९.५ वर आलं, म्हणजे आधी जिथून निघणार होते जवळपास तिथेच. रक्ताची पिशवी लागली नाही.