क्लोव्हर काढून ओपनकोअर टाकलं आणि ग्राफिक्स कार्ड ढेपाळलं? या चुका टाळा

हॅकिन्टॉश म्हणजे साध्या पीसीवर चालवलेलं मॅकओएस, आणि क्लोव्हर, ओपनकोअर हे ते सुरू करून देणारे बूटलोडर. क्लोव्हरवर मस्त चाललेलं हॅकिन्टॉश ओपनकोअरवर आणलं की बऱ्याच जणांची तक्रार एकच असते, मशीन बूट होतं, सगळं दिसतं पण कार्ड पहिल्यासारखं पळत नाही, गीकबेंच या बेंचमार्क ॲपमधला मेटलचा (ॲपलची ग्राफिक्स प्रणाली) स्कोअर पडलाय, फायनल कटमध्ये व्हिडिओचं एक्सपोर्ट रेंगाळतंय, आणि मग सरळ ठरवून टाकतात की ओपनकोअरच स्लो आहे. असं नसतं हो. मॅकओएस सुरू झालं की पुढचं काम ॲपलच्या ड्रायव्हरचं, बूटलोडर तिथे नसतोच. फरक एवढाच की क्लोव्हर बऱ्याच गोष्टी न विचारता स्वतःहून करायचं आणि ओपनकोअर कॉन्फिगमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, लिहिलंय तेवढंच करतं. म्हणून क्लोव्हर जे गुपचूप करत होतं त्यातलं आता काय सुटलंय, ते शोधायचं.

सगळ्यात जास्त गोंधळ केक्स्टचा, म्हणजे मॅकओएसच्या ड्रायव्हर फाइलींचा. क्लोव्हरमध्ये फोल्डरात केक्स्ट टाकला की काम झालं, ओपनकोअरमध्ये नुसती फाइल ठेवून काही होत नाही, कॉन्फिगमध्ये कर्नलच्या ॲडमध्ये तिची नोंद पाहिजे आणि क्रमसुद्धा बरोबर पाहिजे, आधी लिलू (बाकी केक्स्टना लागणारा पाया) आणि मग व्हॉटएव्हरग्रीन (ग्राफिक्स कार्डासाठीचा). लोड झालाय की नाही हे अंदाजाने ठरवू नका, टर्मिनलमध्ये केक्स्टस्टॅट चालवून यादीत नाव शोधा. आणि क्लोव्हरचा जुना कॉन्फिग ओढूनताणून बदलत बसू नका प्लीज, ओपनकोअरसोबत येणारी सॅम्पल फाइल घ्या, त्यावरून नवीन बनवा आणि ओसीव्हॅलिडेट या टूलमधून तपासून घ्या.

आता ज्याच्याकडे फार कमी लोक बघतात ते. कधीकधी कार्ड ठणठणीत असतं, अडकलेला असतो सीपीयू! क्लोव्हरमध्ये प्लगिनटाइपची एक टिक असायची, ती केली की इंटेलचं पॉवर मॅनेजमेंट चालू. ओपनकोअरमध्ये त्यासाठी एसएसडीटी-प्लग नावाची फाइल लागते, मॉन्टेरी १२.३ च्या आधीच्या मॅकओएसवर ती नसेल तर सीपीयूचा स्पीड नीट वरखाली होत नाही आणि मग गेममध्ये फ्रेम पडतात, बेंचमार्क पडतो, आणि आळ येतो बिचाऱ्या कार्डावर. हॅसवेल किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असेल तर टर्मिनलच्या सिसकंट्रोल (sysctl) कमांडमध्ये एक्ससीपीएम मोड (ॲपलचं सीपीयू पॉवर मॅनेजमेंट) १ दाखवतोय का ते बघा, ० असेल तर कार्डाला हात लावायच्या आधी हे सोडवा.

एसएमबायोसचं, म्हणजे मशीन स्वतःला कोणतं मॅक म्हणून सांगतं त्या सेटिंगचं, पण तसंच. आयमॅक १९,१ ठेवलं तर मॅकओएस धरून चालतं की इंटेलचं आतलं ग्राफिक्स हजर आहे आणि व्हिडिओचं बरंचसं काम त्याच्याकडे ढकलतं. ते बायोसमध्ये बंद असेल तर एक्सपोर्ट लटकणारच. मग एकतर आतलं ग्राफिक्स चालू करून त्याला हेडलेस फ्रेमबफर द्या, म्हणजे डिस्प्ले न चालवता नुसतं काम करणारा, नाहीतर आयमॅक प्रो १,१ किंवा मॅक प्रो ७,१ घ्या, तिथे हे काम मोठ्या कार्डाकडे जातं. हॅकिन्टूल या ॲपमध्ये व्हीडीए डीकोडरसमोर (व्हिडिओ हार्डवेअरवर डीकोड होतो का ते) काय लिहून येतं त्यावरून लगेच कळतं.

एनव्हीडियावाल्यांसाठी, हाय सिएरावर पास्कल किंवा मॅक्सवेल कार्ड असेल तर क्लोव्हरमध्ये एनव्हीडियाचा वेब ड्रायव्हर लावणारी एनव्हीडिया वेबची टिक होती, ती इथे नाही. एनव्हीरॅममध्ये (मशीन बंद असतानाही सेटिंग लक्षात ठेवणारी मेमरी) एनव्हीडीए_डीआरव्हीची नोंद स्वतः करायची, नाहीतर वेब ड्रायव्हर इन्स्टॉल असूनही लागत नाही आणि विंडो सरकवतानाही चित्र अडखळतं.

एनव्हीरॅमवरून आठवलं, यात एक मेख आहे. ओपनकोअर आधीपासून असलेली व्हॅल्यू स्वतःहून बदलत नाही, तिचं नाव डिलीटच्या यादीतही लागतं. नाहीतर तुम्ही नवीन बूट आर्ग्युमेंट (सुरू होताना मॅकओएसला द्यायची सूचना) लिहीत बसता आणि मशीन जुन्यावरच चालत राहतं. आणि ते आर्ग्युमेंटसुद्धा दुसऱ्याच्या कॉन्फिगमधून डोळे झाकून उचलू नका, पिकेरावालं आर्ग्युमेंट (agdpmod=pikera) एएमडीच्या नावी कार्डांसाठी आहे, म्हणजे आरएक्स ५००० आणि ६००० सिरीज, आरएक्स ५८० किंवा व्हेगाला त्याची गरज नाही. बायोसमध्ये रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू असेल तर कॉन्फिगमध्ये रिसाइझ ॲपल जीपीयू बार्स ० करा.

तुलना करताना बूटलोडर आणि मॅकओएस एकाच दिवशी बदलू नका, काही कळणार नाही कशामुळे काय झालं. मेटलचा स्कोअर ओपनसीएल या दुसऱ्या चाचणीच्या स्कोअरशी ताडू नका, गीकबेंचचं व्हर्जनही तेच ठेवा. जुना क्लोव्हरचा ईएफआय फोल्डर (बूटलोडर असतो तो) एका पेनड्राइव्हवर जपून ठेवा, एनव्हीरॅम रिसेट करून त्यावरून बूट करा आणि तोच बेंचमार्क परत चालवा. तिथेही स्कोअर तेवढाच पडलेला आला तर ओपनकोअरचा कॉन्फिग उकरत बसू नका, बायोस सेटिंग, कार्डाचं तापमान आणि मॅकओएसचं अपडेट इकडे बघा.