समज, चलान की गुन्हा? पोलिसांनी गाडी अडवली तर नोंद कुठे होते

गणपतीला चाकरमानी गावी आले की मुंबई-गोवा महामार्गावर नाके वाढतात आणि वाडीत एक प्रश्न हमखास येतो: "पोलिसांनी पोराला पकडलेला, आता त्याच्या पासपोर्टाचा काय?" बहुतेक वेळा काहीच नाही. पण ते नेमकं काय झालं यावर ठरतं.

म्हणून पहिलं काम जागेवरच करा. "साहेब, चलान केलंत की समज?" असं सरळ विचारा. "सायबान नुसती समज दिल्यान" असं असेल तर विषय तिथेच मिटला, तोंडी समजेची लायसन्सवर नोंद होत नाही. हातातल्या मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकून फोटो काढला असेल, तर ते चलान. पावती फाडण्याचे दिवस गेले. आता आरटीओकडे जो मोबाइल नंबर आहे त्यावर मेसेज येतो. तो नंबर जुना असेल तर तुम्हाला पत्ताच लागत नाही.

तेव्हा घरी येऊन स्वतः बघा. महाराष्ट्रातलं चलान महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे आकडे टाकून दिसतं. बांद्याच्या पुढे गोव्यात झालेलं असेल तर परिवहनच्या ई-चलान साइटवर शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'चलान' नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नका. ती चोरांची असते, बँकेचं खातं साफ होतं.

चलान उघडलं की रक्कम नंतर, फोटो आधी. मला एकदा रत्नागिरीतलं हेल्मेटचं चलान आलं, तेव्हा मी कुडाळात घरी जेवत होतो. फोटोत माझीच जुनी स्कूटर, मागच्या मडगार्डला तीच चीर, वर अनोळखी माणूस. विकून वर्ष झालं होतं, पण मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 मी "तो करेल" म्हणून घेणाऱ्यावर सोडले होते. चलान गाडीच्या नंबरावर पडतं, आणि कागदावर मालक मीच. गाडी विकली की 14 दिवसांत आरटीओला कळवा, मग घेणारा सख्खा चुलतभाऊ का असेना.

फोटोतली गाडी तुमची नसेल किंवा नंबर चुकीचा वाचला असेल, तर त्याच अ‍ॅपवर फोटो जोडून तक्रार करा. चूक तुमचीच असेल तर भरून टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली तडजोड शुल्क भरलं की त्या चलानाचा खटला पुढे चालत नाही. थकलेली चलानं लोक अदालतीतही निघतात, पण तिची वाट बघत आकडा वाढू देणं मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते. अतिवेग, ट्रिपल सीट आणि विनाहेल्मेट यांत पैसे भरले तरी लायसन्स सुटतंच असं नाही. पोलीस ते जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. हेल्मेट आणि ट्रिपल सीटसाठी कायद्यात तीन महिन्यांची अपात्रता आहे. ही नोंद खरोखर तुमच्या नावावर बसते, गाडीच्या नाही.

आता पासपोर्टाचं. भरलेलं चलान म्हणजे गुन्हा नव्हे, चारित्र्य पडताळणीत त्याची भीती नको. दारू पिऊन चालवताना सापडलात तर प्रकरण कलम 185 खाली कोर्टात जातं, नाक्यावर भरून मिटत नाही. परशुराम घाटात कुणाला ठोकलं आणि तो जखमी झाला, तर भारतीय न्याय संहितेखाली पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होतो. तो पडताळणीत दिसतो. फॉर्ममध्ये प्रलंबित खटला विचारलेला असेल तर लपवू नका. लपवल्याचा त्रास खटल्याहून जास्त होतो.

आणि पोरगं अठराच्या आतलं असेल तर प्रश्न त्याच्या पासपोर्टाचा राहतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद पालकाला किंवा गाडीमालकाला, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.