हॉट रॉडसाठी जुनी स्टीलची चाकं: स्वस्तात सजवताना या चुका टाळा

माझी १९३१ ची मॉडेल ए फोर्ड हॉट रॉड आहे, म्हणजे वेगासाठी फेरबदल केलेली जुनी गाडी. तिला पुढे १९४० च्या फोर्डची चाकं आहेत. सोळा इंच व्यास, चार इंच रुंदी, लाल रंग आणि मधोमध क्रोमची छोटी टोपी. इथे कॅलिफोर्नियात पोमोनाला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो, तिथून ती गंजलेल्या अवस्थेत आणली होती. असं चाक सजवायला फार पैसे लागत नाहीत. पैसे जातात ते चुका निस्तरण्यात, आणि त्यातल्या बहुतेक चुका रंगाचा डबा उघडण्याआधीच झालेल्या असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथली तरुण मुलं एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर जुन्या फोर्ड पळवायची, तेव्हा भंगारवाल्याकडे हीच चाकं मिळायची. म्हणून पारंपरिक हॉट रॉडला ती इतकी शोभतात. पण आता त्यांचं वय ऐंशी वर्षांच्या आसपास आहे, हे विसरून चालणार नाही.

बोल्टचं माप नजरेने ठरवणं

माझी पहिली चूक हीच. माझ्या गाडीचा मागचा अॅक्सल नंतरच्या काळातल्या फोर्डचा, म्हणजे चाक अडकवायचे पाच स्टड (हबमधून, म्हणजे अॅक्सलच्या टोकाच्या तबकडीतून, बाहेर आलेले बोल्ट), साडेचार इंच व्यासाच्या वर्तुळावर. बाजारात एकाने पंधरा इंची चाकं दाखवली, "फोर्डचीच आहेत" म्हणाला, मी घेतली. घरी आणून लावायला गेलो तर तीन स्टड भोकांतून आत गेले आणि उरलेले दोन तिरपे घासायला लागले. चाकं निघाली शेवरलेची, पावणेपाच इंचांच्या वर्तुळाची. शेजारशेजारच्या दोन भोकांमध्ये या दोन मापांत फरक पडतो जेमतेम पावणेचार मिलिमीटर. नजरेला तो दिसतच नाही. अशा वेळी पान्याला पाइप लावून नट ओढून बसवणारेही मी पाहिलेत. कृपा करून तसं कधीही करू नका. नट भोकात सरळ बसला नाही तर स्टडवर सतत आडवा ताण येतो आणि एक दिवस तो तुटतो.

पाच भोकांच्या चाकाचं माप घ्यायची सोपी रीत आहे. एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंतचं अंतर कॅलिपरने मोजा आणि त्याला १.७ ने गुणा, की वर्तुळाचा व्यास मिळतो. म्हणजे मोजलेलं अंतर ६७.२ मिलिमीटर आलं तर वर्तुळ साडेचार इंच, ७०.९ आलं तर पावणेपाच, ८२.१ आलं तर साडेपाच. मॉडेल ए आणि १९४० ते ४८ ची फोर्ड साडेपाच इंचांत येते. १९३६ ते ३९ ची फोर्ड मात्र वेगळीच, तिचं वर्तुळ सव्वादहा इंचांचं असतं. ते चाक दिसायला देखणं, पण त्याला त्याच काळाचे ब्रेक ड्रम लागतात.

गंमत म्हणजे साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर, आपल्याकडच्या महिंद्राच्या जीपचं आणि मारुती जिप्सीचं माप! हे कळल्यावर गावाकडून चाकं मागवायचा मोह मलाही झाला होता. पण भोकं जुळली म्हणजे चाक जुळलं असं नाही. मधलं मोठं भोक आणि चाक आत किती शिरतं हे दोन्ही वेगळं असतं.

आधी रंग, मग तपासणी

क्रम उलटा हवा. चाक वाकडं निघालं तर रंग, प्रायमर आणि दोन सुट्ट्यांची मेहनत सगळंच पाण्यात.

चाक तारेच्या ब्रशने घासून भोकांच्या भोवती आणि हवेसाठी ठेवलेल्या खाचांच्या कोपऱ्यांत बारकाईने पाहा. केसाएवढी रेघ दिसली की थांबा. ती ओरखडा आहे की चीर, हे कळायला रंगीत द्रव आणि पांढरा डेव्हलपर असलेला तपासणीचा संच मिळतो. द्रव चिरेत मुरतो, वरचा पुसून टाकायचा, मग डेव्हलपर फवारल्यावर चीर लाल रेघ होऊन वर येते. भोकाजवळ चीर असलेलं चाक वेल्डिंग करून वापरू नका, भिंतीवर घड्याळ करा. भोकं अंडाकृती झाली असतील तरी तोच निकाल.

वाकडेपणा बघायला महागडं यंत्र लागत नाही. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवा, चाक बिनटायरचं पुढच्या हबवर घट्ट बसवा. शेजारी जड लाकडाचा ठोकळा ठेवून त्याला एक तार अशी बांधा की तिचं टोक रिमच्या कडेला जेमतेम टेकेल. आता चाक हाताने सावकाश फिरवा. एका जागी तार घासते, दुसऱ्या जागी फट पडते. त्या फटीत दीड मिलिमीटरचं ड्रिल बिट घालून बघा. सहज आत गेलं तर चाक आऊट आहे. हेच कडेच्या वरूनही करायचं, कारण चाक डावं-उजवं लंगडतं तसं वर-खालीही लंगडतं. महामार्गावर स्टिअरिंग थरथरतं तेव्हा लोक तीन-तीन वेळा बॅलन्सिंग करून घेतात. वाकड्या चाकाला शिसं लावून ते सरळ होत नाही.

गंज काढताना घाई

वाळूचा मारा झटपट होतो, पण पैसे घेतो, आणि पातळ पत्र्यावर जोर जास्त झाला तर पत्रा वाकतो. मी मळी वापरतो. हो, साखर कारखान्यातली मळी. इथे गुरांच्या खाद्याच्या दुकानात ती स्वस्तात मिळते. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकच्या मोठ्या पिंपात चाक पूर्ण बुडवून दहा-चौदा दिवस ठेवायचं. मी सांगलीकडचा, हंगामात वाऱ्यावर येणारा तो आंबूस वास लहानपणापासून ओळखीचा, त्यामुळे मला तो चालतो. शेजाऱ्यांना चालेलच असं नाही, झाकण ठेवा. बाहेर काढलेलं चाक पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतलं की खालून राखाडी, कोरं लोखंड निघतं.

इथेच दुसरी चूक होते: "उद्या प्रायमर मारू." उद्यापर्यंत त्यावर नारिंगी गंज धरलेला असतो. धुवा, लगेच कोरडं करा, त्याच दिवशी प्रायमर. अॅल्युमिनियमची कुठलीही वस्तू त्या पिंपात टाकू नका, मळी तिला खाते. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला पेपर आणि मास्क वापरा.

जिथे चाक टेकतं तिथे जाड रंग

सगळ्यात धोकादायक चूक ही आहे आणि ती दिसायला सर्वांत सुंदर असते. मी एका संचाला पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग, करून घेतलं. काम चकचकीत, मागच्या बाजूलाही एकसारखं. चाकं लावली, नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने कसणाऱ्या पान्याने, कसले. साठेक मैलांनंतर डाव्या बाजूने टक्-टक् आवाज यायला लागला. कडेला घेऊन हाताने चाचपलं तर दोन नट बोटांनी फिरत होते.

झालं असं की हबला टेकणाऱ्या पृष्ठभागावर आणि नटांच्या बैठकीत, म्हणजे भोकाभोवती नट टेकतो त्या जागी, कोटिंगचा जाड थर होता. भार आणि उष्णतेखाली तो दबला, थोडा सरकला आणि नटांचा ताण गेला. नट स्वतःहून फिरलेच नव्हते, त्यांच्याखालची जागा खचली होती.

म्हणून चाक कोटिंगला देताना सांगा, लिहूनही द्या: मागची टेकणारी बाजू आणि पाचही भोकांच्या बैठका झाकून ठेवा. घरी फवारत असाल तर तिथे फक्त प्रायमरचा पातळ हात. नट शंकूच्या आकाराचे की गोलसर, हे चाकाच्या बैठकीशी जुळवा. पन्नास मैल चालवल्यावर पुन्हा टॉर्क तपासा, आणि शंभरनंतर आणखी एकदा. हे फुकट आहे.

हवा आणि ट्यूब

अमेरिकन गाड्यांत ट्यूबलेस टायर सरसकट आले ते १९५५ च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या बऱ्याच चाकांत मधली डिस्क रिमला रिव्हेटने जोडलेली असते आणि हवा तिथून झिरपते. टायरची कड धरून ठेवणारा उंचवटाही या रिमला नसतो. रिव्हेटवर सिलिकॉन फासून भागवू नका, ट्यूब घाला. रेडियल टायर असेल तर ट्यूबही रेडियलसाठीचीच घ्या, आणि आतल्या बाजूने रिम गुळगुळीत करा. गंजाचा एक खडा ट्यूब कापायला पुरतो.

मागचं चाक रुंद करून घ्यायचं असेल तर ते वेल्डिंग गॅरेजमध्ये शिकायच्या भानगडीत पडू नका. ते काम चाकं बनवणाऱ्याकडेच द्या. त्याआधी वाढलेली रुंदी आतल्या बाजूला हवी की बाहेरच्या, हे गाडीखाली झोपून स्प्रिंगपर्यंत प्रत्यक्ष मोजून ठरवा.

रंग आणि रेघ

डब्यातल्या इनॅमलचा दुसरा हात डब्यावर लिहिलेल्या वेळेतच द्या. त्या वेळेबाहेर मध्येच दिला तर खालचा थर सुरकुततो आणि सगळं खरवडावं लागतं. रिमच्या कडेवर क्रोमची कडी लावलीत तर ती व्हॉल्व्हला घासत नाही ना ते बघा. सैल कडी चालता चालता फिरते आणि व्हॉल्व्ह कापते.

बारीक रेघ मारायला कारागीर बोलवायची गरज नाही. चाक हबवर बसवा, कोपर स्टँडवर टेकवून लांब केसांचा ब्रश स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. ब्रश हलवायचाच नाही. पहिल्या फेरीत हात थरथरला तर रंग ओला असतानाच फडक्याने पुसून टाका आणि पुन्हा सुरुवात करा. माझी क्रीम रंगाची रेघ पाचव्या फेरीला जुळली.