टर्मिनलवर कळ वाचताना थांबायचं की पुढे जायचं?

दादरच्या फलाटावरच्या इंडिकेटरसारखा प्रोग्राम टर्मिनलवर करायचा आहे असं धरा. लोकलला किती मिनिटं उरली ते आपोआप बदललं पाहिजे आणि 'क्यू' दाबल्यावर प्रोग्राम बंद झाला पाहिजे. साधा रीड (इनपुट वाचणारा read कॉल) कळ दाबेपर्यंत अडून बसतो, तोवर आकडे हलत नाहीत. स्टेशनचं नाव विचारून भाडं सांगणाऱ्या प्रोग्रामला मात्र हे अडणंच हवं असतं. दुसरं काही काम नसेल तर ब्लॉकिंग, म्हणजे असा अडून बसणारा, रीडच ठेवा. वाट बघताना तो सीपीयू खात नाही.

एक गफलत नेहमी होते. टर्मिनलच्या नेहमीच्या, ओळ-ओळ देणाऱ्या कॅनॉनिकल मोडमध्ये एंटर दाबेपर्यंत अक्षर हाती येतच नाही, मग रीड कसाही असो. म्हणून टीसीगेटअ‍ॅटर (tcgetattr) या फंक्शनने टर्मिनलची आधीची सेटिंग जपून ठेवा आणि मग आयकॅनॉन (ICANON, म्हणजे हाच मोड) व एको (ECHO, म्हणजे टाइप केलेलं अक्षर दिसणं) बंद करा.

आता व्हीमिन (VMIN, किमान किती बाइट हवेत) आणि व्हीटाइम (VTIME, किती वेळ थांबायचं) या त्याच सेटिंगमधल्या दोन किमती. व्हीमिन १, व्हीटाइम ० ठेवलं तर एक बाइट येईपर्यंत रीड थांबतो. दोन्ही ० असतील तर लगेच परततो. अशा रीडभोवती नुसता लूप फिरवला तर एक कोर पूर्ण व्यापला जातो. व्हीमिन ०, व्हीटाइम १ म्हणजे जास्तीत जास्त १०० मिलिसेकंद थांबणं, कारण व्हीटाइम सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. छोट्या प्रोग्रामला एवढं पुरतं. फक्त इथे वेळ संपल्यावरही शून्यच मिळतं, त्यामुळे टर्मिनल तुटलं की कळ आली नाही, हे त्यावरून ओळखता येत नाही.

रीड अडू नये म्हणून लावायचा ओ-नॉनब्लॉक (O_NONBLOCK) हा फ्लॅग शक्यतो टाळाच. तो तुमच्या डिस्क्रिप्टरपुरता (प्रोग्रामकडच्या फाइलच्या क्रमांकापुरता) नसतो, उघडलेल्या फाइलवर असतो. शेलकडून आलेले ०, १ आणि २ हे डिस्क्रिप्टर (इनपुट, आउटपुट आणि एरर) बहुधा एकाच टर्मिनलचे भाऊ असतात. ० वर फ्लॅग लावला की मोठं आउटपुट लिहिताना राइटही ईअगेन (EAGAIN, 'आत्ता जमत नाही' ही एरर) देऊन अर्ध्यात सुटू शकतो. प्रोग्राम संपल्यावरही फ्लॅग मागे राहू शकतो आणि त्याच शेलमधून चालवलेला दुसराच प्रोग्राम बिघडू शकतो.

इंडिकेटरसाठी पोल (poll, इनपुट आलं का हे ठरावीक वेळ थांबून बघणारा कॉल) वापरा: टाइमआउट १००० मिलिसेकंद, कळ आली तरच रीड, नाहीतर नुसते आकडे बदला. सिग्नलमुळे ईइंटर (EINTR, 'मध्येच अडथळा आला' ही एरर) आला तर ती चूक धरू नका, पुन्हा पोल करा. वरच्या बाणाची कळ बहुतेक टर्मिनलवर २७, ९१, ६५ असे तीन बाइट पाठवते. २७ आल्यावर आणखी ५० मिलिसेकंद पोल करा. काहीच आलं नाही तर ती एस्केप कळ.

बाहेर पडताना जपलेली सेटिंग परत लावा. प्रोग्राम मध्येच कोसळला तर अक्षरं दिसली नाहीत तरी 'एसटीटीवाय सेन' (stty sane) टाइप करून एंटर दाबा. मात्र त्याने नॉनब्लॉक फ्लॅग निघत नाही.